एक्लेक्टिक घरसजावट: नाशिककर मला नेहमी विचारतात ते प्रश्न

नाशकात घरांची अंतर्गत सजावट करते मी. पहिल्याच फोनवर "आम्हाला ते एक्लेक्टिक का काय म्हणतात, तसं करायचंय" असं ऐकू येतं आणि पाठोपाठ तेच प्रश्न सुरू होतात. म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवलेत. काही दोन ओळींत संपतात, काहींवर मी तासभर बोलू शकते.

एक्लेक्टिक म्हणजे नेमकं काय?

शब्द मूळचा ग्रीक, अर्थ "निवडून घेणारा". एकाच काळातलं, एकाच पद्धतीचं सामान भरण्याऐवजी वेगवेगळ्या काळांतल्या आणि प्रांतांतल्या वस्तू निवडून एका खोलीत नांदवायच्या. इमारतींच्या बाबतीत ही वृत्ती एकोणिसाव्या शतकात जोरात होती. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे घरचंच उदाहरण. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा आराखडा, १८७८ मध्ये सुरू झालेलं आणि दहा वर्षं चाललेलं काम. युरोपातल्या गॉथिक कमानी आणि भारतीय वळणाचं कोरीवकाम त्यात शेजारी शेजारी आहे, आणि पंचवटी एक्स्प्रेसमधून उतरलेल्या कुणालाही ते विजोड वाटत नाही.

नाशकात बसून इथे मिसळीचा दाखला द्यायचा मोह होतो, पण तो चुकेल. मिसळीत सगळं रश्श्यात एक होऊन जातं. दाखला द्यायचा तर पंगतीतल्या ताटाचा द्यावा. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भाताची मूद, वर मीठ आणि लिंबाची फोड. चवी एकमेकींपासून कोसो दूर, तरी प्रत्येकीची जागा ठरलेली आणि मधे ताटाचा तळ दिसतो. तो तळ दिसणं फार महत्त्वाचं. बहुतेक घरांत चूक होते ती तिथेच.

बोहेमियन आणि फ्युजन म्हणजे हेच ना?

नाही. बोहेमियनमध्ये कापड, झाडं, गालिचे यांची रेलचेल असते आणि थोडा पसारा चालतो. फ्युजन म्हणजे बहुधा एकाच वस्तूत दोन शैली, उदाहरणार्थ लोखंडी पायांवर बसवलेला जुना लाकडी पाट. एक्लेक्टिक घरात बाकीच्या दोन्ही गोष्टी येऊ शकतात, पण शिस्त जास्त लागते.

आमच्या घरात आधीच सगळं मिसळलेलं आहे. मग तुमची काय गरज?

खरंय, घरोघरी मातीच्या चुली तशा घरोघरी एक्लेक्टिक हॉल. आजीचा चौरंग, लग्नात आलेला काचेचा टीपॉय, हप्त्यावर घेतलेला एल-आकाराचा सोफा, कुणीतरी दिलेला पळत्या घोड्यांचा फोटो. फरक एवढाच की या वस्तू कुणी निवडलेल्या नसतात, त्या साचलेल्या असतात.

माझं पहिलं काम म्हणून खरेदीचं नसतं. हॉलमधलं सगळं उचलून आतल्या खोलीत कोंबायचं, पंखा आणि पडदे सोडून. दोन-तीन दिवस हॉल रिकामा ठेवायचा. सतरंजीवर बसून चहा प्यायचा, ऊन कुठून कुठवर येतं ते बघायचं. मग एकेक वस्तू परत आणायची आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारायचे: आज ही दुकानात दिसली असती तर मी विकत घेतली असती का? आणि ही गेली तर घरात कुणाला चुटपुट लागेल का? दोन्हींचं उत्तर नाही आलं की ती वस्तू परत येत नाही. इंदिरानगरातल्या एका घरात अशा पद्धतीने अकरा वस्तू बाहेर राहिल्या आणि नवीन फक्त एक दिवा आणावा लागला. माझं बिल बघून त्यांना जरा वाईटच वाटलं असावं, कारण मी केलं काय तर सामान कमी केलं. पण कामच ते आहे.

वेगवेगळ्या वस्तू एकत्र कशा दिसायच्या?

धागा लागतो. एखादा रंग, एखादा जिन्नस किंवा एखादा आकार खोलीत किमान तीन ठिकाणी, एकमेकांपासून लांब, दिसला पाहिजे. कुंकवाचा लाल घ्या: एका उशीवर, गालिच्याच्या काठात आणि भिंतीवरच्या चित्राच्या कोपऱ्यात. डोळा ते तीन ठिपके आपोआप जोडतो. एकाच ठिकाणी असला तर तो डाग दिसतो.

रंगांच्या प्रमाणासाठी साठ-तीस-दहा असा ढोबळ हिशेब वापरतात. साठ टक्के भिंती आणि मोठं सामान, तीस टक्के पडदे-गालिचे-खुर्च्या, दहा टक्के चमचमीत. मी तो सुरुवातीला वापरते आणि नंतर मोडते.

धागा सुचत नसेल तर गावात फिरा. काळाराम मंदिराचा काळा दगड, जुन्या वाड्यांच्या खांबांचा सागवानी तपकिरी, भांडी बाजारातला पितळी पिवळा. काळा, तपकिरी, पिवळा या तिन्हींवर अख्खं घर उभं राहतं, आणि वर कुठलाही एक भडक रंग सहज पेलतो.

वाड्यातलं जुनं लाकूड घ्यावं का? घेताना काय बघायचं?

घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. जुन्या नाशकातले वाडे उतरतात तेव्हा तुळया, खांब, कोरीव दारं, कोनाड्यांच्या चौकटी, खुंट्या, फडताळं विक्रीला येतात. हे लाकूड दशकानुदशकं वाळलेलं असतं, त्यामुळे नव्या लाकडासारखं पुढे वाकत-तडकत नाही. तुळईचा बाक होतो, खुंट्यांची रांग दाराशी पिशव्यांसाठी लागते, फडताळात पुस्तकं राहतात. एका खोलीत अशी एकच मोठी वस्तू ठेवा. दोन झाल्या की खोली संग्रहालयाकडे झुकते, तीन झाल्या की गोदामाकडे.

आता माझी फजिती. स्वतःच्या घरासाठी मी एकदा दोन पाखांचं सागवानी दार घेतलं, पलंगाच्या डोक्याशी लावायला. विक्रेता म्हणाला, "ताई, शंभर टक्के साग आहे, डोळे झाकून न्या." मी खरंच डोळे झाकून नेलं. पहिली गोष्ट, ते लिफ्टमध्ये मावेना. चार माणसांनी चार मजले जिन्यावरून चढवलं, आणि प्रत्येक वळणावर त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरलेले नाही. दुसरी गोष्ट तीन महिन्यांनी कळली. सकाळी चादर झटकताना उशीशेजारी बेसनासारख्या बारीक भुकटीची ढिगुली दिसली. पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. बॅटरी घेऊन पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. चौकट साग होती, पण मागच्या पट्ट्या कुणीतरी कधीतरी आंब्याच्या लाकडाच्या बसवलेल्या, आणि भुंगा त्यात मजेत राहत होता.

त्यामुळे आता मी वस्तू उलटी करून मागची बाजू आधी बघते. गोल भोकं आणि पिठासारखी भुकटी म्हणजे भुंगा. मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. नाण्याने ठोकून बघा, बद्द आवाज आला तर आतून पोकळ. सागाचा आतला गडद गाभा कीड सहसा धरत नाही, कडेचा पांढरट भाग धरतो. औषध भोकांत इंजेक्शनने भरून, वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवल्यावरच घरात आणा. आणि लिफ्टचं दार मोजा.

पॉलिश चकचकीत करू नका. जुन्या लाकडावर लाखेचं फ्रेंच पॉलिश किंवा नुसतं मेण शोभतं. पीयूचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या चकचकीत पॉलियुरेथेन पॉलिशचा, जाड थर दिला की शंभर वर्षांचं लाकूड कालच्या सनमायकासारखं दिसतं.

पितळ-तांब्याची भांडी शोभेला ठेवायची तर कशी?

हा माझा आवडता प्रश्न. सराफ बाजाराला लागून असलेल्या भांडी बाजारात एक चक्कर मारली तरी कळतं की आपल्याकडे भांड्याचा आकार किती विचार करून घडत आला आहे. चार्ल्स आणि रे इम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलं होतं. १९५८ मध्ये त्यांनी दिलेल्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर साध्या लोट्याचं. हातात कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, पाणी कसं पडतं, घासायला किती सोपा, याची त्यांनी यादीच केली. त्याच अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गंमत म्हणजे या दोघांचं १९४९ सालचं स्वतःचं घर पोलाद आणि काचेचं, कारखान्यात तयार झालेल्या भागांचं, आणि आत देशोदेशींच्या लोककलेच्या वस्तू खच्चून भरलेल्या. एक्लेक्टिक घर बघायचं असेल तर त्याचे फोटो शोधा.

तर, भांडी. घंगाळ, हंडा, बंब यांपैकी एकच मोठं भांडं जमिनीवर, शेजारी काहीही नको. लहान भांडी फळीवर विषम संख्येने. शोकेसमध्ये काचेआड रांगेने मांडली की ती दुकानातली वाटतात. झाड लावायचं तर थेट घंगाळात माती भरू नका, कुंडी आत ठेवा. पाणी साचून तळाला हिरवं चढतं.

घासायचं की नाही, यावर घरोघरी वाद आहेत. चिंच-मिठाने घासलेलं पितळ दोन-तीन आठवडे झळकतं, मग पुन्हा मंदावतं. मला ते मंद, मधासारखं झालेलं पितळ आवडतं. ज्यांच्या आईला काळवंडलेलं भांडं बघवत नाही, त्यांनी घासून वर पारदर्शक लॅकर मारून घ्यावं. मात्र लॅकर मारलेल्या भांड्यात खायचं-प्यायचं नाही. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी, शोभेच्या भांड्याला तिची गरज नाही.

आईची जुनी पैठणी आहे. उश्यांचे अभ्रे शिवू का?

धडधाकट असेल तर नेसा! येवला आपल्याच जिल्ह्यातलं, तिथले विणकर एका पैठणीवर महिनोन् महिने बसतात, आणि आपण तिच्यावर पाठ टेकून मालिका बघायच्या?

विरलेली असेल तर पदराचा तुकडा चौकटीत लावा. मागे पुठ्ठा साधा नको, आम्लविरहित हवा, आणि काच कापडाला टेकू देऊ नका, मधे पट्टी घालून फट ठेवा. दमट दिवसांत काचेला चिकटलेलं रेशीम सोडवताना फाटतं. थेट ऊन येणारी भिंत टाळा, रंग उडतो आणि जर काळवंडते.

उश्यांसाठी खण बिनधास्त वापरा. आपण तो आपला मानतो, विणला जातो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला. सोलापुरी चादर सोफ्याच्या पाठीवर टाकून बघा, राखाडी सोफा जागा होतो. आणि जुन्या साड्यांची गोधडी असेल तर ती कपाटात कोंडू नका. हाताने शिवलेल्या गोधडीच्या धावदोऱ्यासारखी वेडीवाकडी सुंदर रेघ छापील कापडात मिळत नाही.

हॉलमध्ये वारली भिंत करायची आहे.

रंगाऱ्याकडून छाप्याने करून घेणार असाल तर नको, स्पष्टच सांगते. तीच तारपा या वाद्याभोवती गोल नाचणारी माणसं हॉटेलच्या भिंतीपासून मोबाइलच्या कव्हरापर्यंत सगळीकडे आहेत. ही चित्रं मुळात लग्नघरात बायका काढत. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मातीची भिंत आणि मधे पालघट देवीचा चौक. तो चौक धार्मिक आहे, टीव्हीमागची सजावट म्हणून तो कुणी मागितला की मी नाही म्हणते. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी हे चित्र कागदा-कापडावर आणून जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा कलावंताने स्वतः काढलेलं एक चित्र विकत घ्या, छोटं का असेना, आणि त्याला मोठी मोकळी भिंत द्या.

चित्रं, फोटो किती उंचीवर लावायचे?

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. सोफ्यावर लावायचं तर सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर. वाड्यांत तसबिरी वर, पुढे झुकवून टांगत, ती सवय फ्लॅटमध्येही हाताला राहिली आहे. बहुतेक घरांतल्या तसबिरी मला फूटभर खाली आणाव्या लागतात.

नाशिकच्या हवेचा काही विचार करावा लागतो का?

तीन गोष्टींचा. मार्च ते मे पश्चिमेचं ऊन, त्यामुळे त्या खिडकीशी रेशीम, जुनी पुस्तकं, गडद लाकूड ठेवू नका. धूळ दुसरी. आजूबाजूला बांधकाम चालू नाही असा भाग आता शोधावा लागतो, तेव्हा खोल कोरीवकामाच्या वस्तू घेण्याआधी त्या कोण पुसणार हे ठरवा. तिसरा पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये चामडं आणि पुस्तकं बुरशी धरतात, म्हणून संदूक आणि फडताळ भिंतीपासून दोन बोटं पुढे ओढून ठेवा.

नदीकाठच्या जुन्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीशी पुराचं पाणी आलं अशी बातमी आली की काय उचलायचं हे तुम्हाला पाठ असतं. फक्त संदूक दगडी ठोकळ्यांवर ठेवा.

दिवे कसले लावू?

पिवळसर उजेडाचे, २७०० ते ३००० केल्विनचे. खोक्यावर लिहिलेलं असतं. पांढरे एलईडी बहुधा ६५०० केल्विनचे, त्यांच्या उजेडात पितळ आजारी दिसतं आणि साग राखाडी. ते स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ठेवा. हॉलमध्ये छतावर एकच मोठा दिवा नको. डोळ्यांच्या उंचीवर एक, जमिनीलगत एक, चित्रावर एक. फॉल्स सीलिंगमध्ये बारा भोकं पाडून बारा दिवे लावायची हौस आधीच भागली असेल तर निदान त्यांची बटणं वेगवेगळी करून घ्या.

फ्लॅटमध्ये झोपाळा टांगता येतो का?

येतो, पण पंख्याच्या हुकाला अजिबात नाही. दोन मोठी माणसं बसून झोका घेतात तेव्हा स्लॅबवर नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो, आणि पीओपीचं छत तर शून्य भार घेतं. हुक स्लॅबमध्ये की तुळईत बसवायचा, कसला बसवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन सांगायचं, सुताराने नाही. जुनी इमारत असेल किंवा वर गच्ची गळत असेल तर स्टँडचा झोपाळा घ्या. कड्या पितळी घ्या आणि महिन्यातून एकदा तेल घाला, नाहीतर दुपारी खालच्या मजल्यावरचे वर येतात.

भाड्याच्या घरात काय करू?

सगळं जमिनीवरच करा: गालिचा, उभे दिवे, भिंतीला टेकवून ठेवलेली मोठी चित्रं. भिंतीला भोक पाडायच्या आधी घरमालकांना विचारा, डिपॉझिट त्याच भोकातून जातं.

जुन्या मूर्ती शोभेसाठी घेऊ का?

जपून. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. त्यांची नोंदणी लागते आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. "दोनशे वर्षांपूर्वीची आहे, कागद नाहीत" असं कुणी म्हणालं तर एकतर तो थापा मारतोय किंवा तुम्हाला अडचणीत आणतोय. सांबरशिंगं, हस्तिदंत यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. देवघरातले देव सजावटीत धरायचे नाहीत. रिटायर झालेली समई, घंटा, ताम्हण घ्या.

खर्च किती येतो? वस्तू कुठे शोधू?

आकडा घर बघितल्याशिवाय सांगत नाही. पण पैसे कुठे घालायचे ते सांगते: सोफा, गादी, वायरिंग. रोज अंग टेकतो ते चांगलं हवं, बाकीचं सावकाश. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, भांडी बाजार, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, आणि सगळ्यात आधी मामाच्या घराचा माळा. तिथे पैसे लागत नाहीत, फक्त मामीची परवानगी लागते. एका महिन्यात सगळं उरकायचं असेल तर ही शैली तुमच्यासाठी नाही. हॉलचा एक कोपरा मी मुद्दाम रिकामा सोडते, पुढे काहीतरी सापडेल म्हणून.

घरातल्यांची आवड जुळत नाही. काय करायचं?

खरं तर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, फोन ठेवता ठेवता हळू आवाजात विचारला जातो. गंगापूर रोडच्या एका घरात सुनेला पांढरा, मोकळा हॉल हवा होता आणि सासऱ्यांचं लोखंडी कपाट हॉलमधून हलायला तयार नव्हतं. आप्पांनी ते पहिल्या पगारवाढीवर घेतलेलं. राखाडी रंग, दारावर आरसा, एका बाजूला पोचा. सून म्हणाली, "ताई, हे एवढं घालवा, बाकी तुम्ही म्हणाल ते." आप्पा काहीच बोलले नाहीत, रुमालाने आरसा पुसत राहिले.

मी ते आठ दिवसांसाठी नेलं. पोचा काढला नाही. रंग खरवडून गडद बाटलीहिरवा केला, मूठ पितळी बसवली. परत आणलं तेव्हा त्याच्याशेजारी फक्त पांढरी भिंत आणि तोच हिरवा काठात असलेली एक सतरंजी ठेवली. सुनेने दोन मिनिटं बघितलं आणि फोन काढून फोटो काढला. आप्पांनी कपाट उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग मला म्हणाले, "किल्ली तीच चालते ना?"

चालते.